आधी परतीचा रस्ता

टीव्हीवर बातम्या लागल्या की आमच्या उस्तादांचं ब्लडप्रेशर वाढायचं. बातमी वाईट असायची म्हणून नाही, बातमी देणाऱ्याला स्ट्राइक आणि रेड यांतला फरक कळत नाही म्हणून. "अरे गधे, विमान वरून आलं, बॉम्ब टाकला, वरच्या वर निघून गेलं. कोणी खाली उतरलं? कोणी आत गेलं? मग रेड कशाला म्हणतोस?" असं ते त्या कोटवाल्या पोराला खुर्चीतून उठून विचारायचे. तो ऐकत नाही हे लक्षात आलं की माईंकडे वळायचे. माई म्हणजे त्यांची बायको. त्या मटार सोलत असायच्या. "मला काय विचारता, मी कुठे बॉम्ब टाकला," एवढं म्हणून पुढची शेंग घ्यायच्या.

एकदा तर त्यांनी फोन लावला. चॅनलचा नंबर कुठून मिळणार? त्यांनी लावला केबलवाल्यांच्या कस्टमर केअरला. तिकडून कुणी मुलगी म्हणाली, "सर, सेट टॉप बॉक्स की शिकायत है क्या?" उस्ताद म्हणाले, "नहीं बेटा, शिकायत समझ की है." आणि मग त्या बिचारीला पूर्ण पाठ दिला. स्ट्राइक म्हणजे मारा. समोरच्याचं नुकसान करायचं, त्याची ताकद मोडायची, विषय संपला. रेड म्हणजे आत शिरायचं, थोड्या वेळापुरती जागा ताब्यात घ्यायची, ठरलेलं काम करायचं. माणूस पकडा, कागद आणा, पूल उडवा, जे असेल ते. आणि ठरल्या रस्त्यानं बाहेर यायचं. "बाहेर येणं हे रेडच्या मागचं शेपूट नाही, बेटा. तो रेडचाच भाग आहे. परत यायचा प्लॅन नसेल तर तिला रेड म्हणायचंच नाही. कोई शक?" मुलगी म्हणाली, "नहीं सर, थैंक्यू सर." उस्ताद त्यानंतर दोन दिवस खुशीत होते.

उस्ताद म्हणजे गाणारे-बजावणारे नव्हेत हं. फौजेत जो शिकवतो त्याला जवान उस्ताद म्हणतात. आमचे उस्ताद महूच्या छावणीत शिकवायचे, त्यांचे वडील फौजेत, आजोबा फौजेत. रिटायर होऊन इंदूरजवळ राऊला घर बांधलं, पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, तिच्याखाली वडिलांची पदकं, आणि फाटकाजवळ एक खुर्ची. त्या खुर्चीत बसून ते गल्लीतल्या सगळ्या घडामोडींची वर्गवारी करायचे. गांधीलमाशी चावली, स्ट्राइक. मांजर खिडकीतून येऊन दूध पिऊन त्याच खिडकीतून गेली, पक्की रेड. पेपरात इन्कम टॅक्सची रेड असं छापून आलं की म्हणायचे, "हे लोक सही बोलतात. आत जातात, कागद घेतात, बाहेर येतात. चॅनलवाल्यांनी यांच्याकडून शिकावं."

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे, म्हणून हे सगळं मला फुकटात ऐकायला मिळायचं.

गल्लीतल्या पोरांनी एकदा क्रिकेट खेळताना त्यांच्या खिडकीची काच फोडली. मी गॅलरीतून पाहत होते, म्हटलं आता काही खरं नाही. उस्ताद शांत. "स्ट्राइक," म्हणाले आणि चहा प्यायला लागले. थोड्या वेळानं पोरं भिंतीवरून उड्या मारून बॉल घ्यायला आत आली. उस्ताद पडद्याआडून बघतायत, खूश. पोरांनी बॉल उचलला आणि पळाली, पण त्यातल्या सगळ्यात लहानग्याला भिंत चढता येईना. तो आतच राहिला आणि लागला रडायला. आणि मग उस्ताद जे भडकले! काचेसाठी नाही. बाहेर जाऊन त्यांनी एकेका पोराला घरातून बोलावून आणलं, अंगणात रांगेत उभं केलं. "साथी को छोड़ के भागे? शरम नहीं आती? आत यायच्या आधी ठरवलं नव्हतं का याला वर कोण उचलणार?" पोरांच्या माना खाली. मग त्या सगळ्यांकडून त्यांनी भिंत पुन्हा चढवून घेतली, लहानग्याला आधी. सगळे पलीकडे उतरले तेव्हा इकडून ओरडून विचारलं, "सगळे परत आले का?" "आले!" "शाबाश. आता फाटकातून या, माई बिस्किटं देतेय."

सगळे परत आले का, हा त्यांचा कायमचा प्रश्न. कॉलनीची सहल मांडूला जाऊन आली, फाटकात उस्ताद हजर. लग्नाची बस आली, उस्ताद हजर. मी एकदा विचारलं, "उस्ताद, तुम्ही स्वतः किती रेड केल्या?" म्हणाले, "एक पण नाही. मी शिकवल्या." आणि पेपर उघडून बसले.

त्यांनी शिकवलेली पोरं, आता पोरं कसली, केस पांढरे झालेले लोक, कधी कधी मिठाईचा डबा घेऊन त्यांना भेटायला यायचे. पाया पडायचे. उस्ताद तब्येत-बिब्येत काही विचारायचे नाहीत. पहिला प्रश्न, "सगळे परत आले होते?" कुणी चटकन म्हणायचा, "हां उस्ताद, सब के सब." कुणी मात्र चहाच्या कपात बघत बसायचा. तेव्हा उस्ताद पुढे काही विचारायचे नाहीत. त्याच्या पाठीवर हात ठेवून नुसते बसून राहायचे, आणि माई आतून गुपचूप आणखी एक कप चहा आणून ठेवायच्या.

आता मी त्यांच्याकडे कशी आले ते सांगते. नवऱ्यानं हात उचलला, पोरीच्या समोर उचलला, आणि मी पोरीला घेऊन निघाले. बस्स. त्यापेक्षा जास्त त्या माणसाबद्दल बोलायची माझी इच्छा नाही. राऊला खोली आहे असं कुणी सांगितलं म्हणून आले, तर फाटकात हे बसलेले. "किती दिवसांसाठी पाहिजे?" मी म्हटलं, "माहीत नाही." "परत कधी जाणार?" म्हटलं, "नाही जाणार." "परतीचा प्लॅनच नाही?" असं त्यांनी अगदी साधं विचारलं हो, पण मला भर रस्त्यात रडू फुटलं. उस्ताद घाबरले. घरात बघून ओरडले, "माई, वरची किल्ली आण! ही पोरगी बिना बेसची निघाली आहे."

खोली मिळाली, पोरीची शाळा लागली. पण माझी मशीन सासरी राहिली होती. पायमशीन, आईनं पाटल्या मोडून घेऊन दिलेली. मी ब्लाउज शिवते, आणि चांगलं शिवते, हे मी स्वतःच सांगते कारण खरं आहे. पण मशीनशिवाय ब्लाउज कसे शिवणार? मी साड्यांना हातानं फॉल लावत बसायचे, बोटांची चाळणी झाली होती. नवी घे म्हणायला लोकांचं काय जातं. ती मशीन आली तर मी माझ्या पायांवर उभी राहणार होते, नाहीतर कधीतरी मान खाली घालून त्याच दारात परत जावं लागणार होतं. हे मला रोज सकाळी उठल्या उठल्या कळायचं.

एक दिवस नळावर पाणी भरताना मी मोठ्यानं भाषण करत होते. सासरच्या गल्लीत मधोमध उभी राहून काय काय सुनवायचं, त्याची तयारी. उस्तादांनी ऐकलं.

"हे काय चाललंय?"

"उद्या जाणार आहे. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलणार आहे."

"और मशीन?"

"मग मशीन पण आणीन."

"नहीं," उस्ताद म्हणाले. "स्ट्राइक करायची असेल तर मशीन विसर. मशीन आणायची असेल तर तोंड बंद. तुला काय पाहिजे, त्यांचं नुकसान की तुझी मशीन? आणि हे तिथे जाऊन ठरवायचं नसतं, बेटा. इथेच ठरवायचं."

मला असा राग आला म्हणता! खरं तर मला दोन्ही पाहिजे होतं. कुणाला नको असतं? बादली तशीच ठेवून मी वर निघून गेले. संध्याकाळी खाली आले आणि म्हटलं, "मशीन."

"शाबाश," उस्ताद म्हणाले, आणि त्यांचं वय एकदम कमी झाल्यासारखं दिसायला लागलं.

शेजारी बांधकाम चालू होतं, तिथली चार घमेली वाळू मागून आणली. फौजेत म्हणे कुठल्याही कारवाईआधी वाळूत त्या जागेचा नकाशा उभा करतात, म्हणजे प्रत्येकाला डोळ्यांनी दिसतं कुठून जायचं, कुठून यायचं. उस्तादांनी अंगणात सगळं इंदूर मांडलं. माईंच्या रांगोळीच्या डब्यातून निळा रंग घेऊन रस्ते काढले. माई म्हणाल्या, "दिवाळीला मी काय कोळसा वापरू?" पण ऐकतंय कोण. माझ्या सासरच्या घराला माचिसची डबी. समोरच्या पोह्यांच्या ठेल्याला बाटलीचं झाकण. आणि इकडे या टोकाला, राऊला, माईंचा पितळी डबा, चांगला मोठा, चिंचेनं घासलेला, चमकणारा.

"हे काय?" मी विचारलं.

"तुझी वरची खोली. बेस."

"एवढी मोठी? आणि ते घर एवढंसं?"

"बेस मोठाच दाखवायचा. जाणाऱ्याला तिकडून दिसला पाहिजे." मग काठीनं आधी माचिसपासून डब्यापर्यंतचा रस्ता दाखवला, जायचा रस्ता नंतर. "आधी परतीचा रस्ता. कोई शक?"

ती खोली मी आतापर्यंत नुसती डोकं टेकायची जागा समजत होते. कुणीतरी ती अशी मांडेल, मी जिथे परत यायचं ती जागा म्हणून, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

मग रिहर्सल. मशीनचा वरचा भाग स्टँडपासून वेगळा करायला मागचे दोन स्क्रू ढिले करावे लागतात, त्याआधी चामड्याचा पट्टा उतरवावा लागतो. शेजारच्या वहिनींच्या मशीनवर माझ्याकडून हे डोळ्यांना रुमाल बांधून करून घेतलं. मी म्हटलं, "उस्ताद, दिवसा जायचंय, उजेड असेल." म्हणाले, "हाताला कळलं पाहिजे." वार ठरला बुधवार, कारण बुधवारी सकाळी सासूबाई खजरान्याला गणपतीला जातात, काही झालं तरी जातात. नवरा पीथमपूरला कारखान्यात, पहिल्या पाळीला. घराची किल्ली माझ्याजवळ होतीच. मशीन वाहायला गल्लीतल्या सलीमभाईंची लोडिंग रिक्षा. उस्ताद पोह्यांच्या ठेल्यावरून पहारा देणार, धोका दिसला की शिट्टी. आधीचे दोन बुधवार ते स्वतः तिथे जाऊन टेहळणीही करून आले. "कुणाला शंका पण आली नाही," म्हणाले. "साध्या कपड्यांत होतो."

तो बुधवार आला. मी गल्लीत शिरले, कुलूप नव्हतं ते लक्षात यायच्या आत दार ढकललं, आणि समोर खुर्चीत सासूबाई. हातात लाटणं.

"तू?" त्या म्हणाल्या. लाटणं खाली आलं. "मला वाटलं तो आला."

"कोण?"

"तो काय समोर! कडक इस्त्रीची पँट, बुटांत तोंड दिसेल, गळ्यात शिट्टी, काखेत काठी. दोन बुधवार झाले, गणपतीला निघताना बघतेय. पोहे खातो आणि एकटक आमच्या दाराकडे बघतो. मी म्हटलं, हा घर फोडणार. म्हणून आज गणपतीला पण गेले नाही."

घ्या! आमच्या उस्तादांचे साधे कपडे. मला हसावं की रडावं कळेना. पण सासूबाई समोर दिसल्याबरोबर नळावरचं सगळं भाषण माझ्या घशाशी आलं. त्या दिवशी तुम्ही आतल्या खोलीत होतात. सगळं ऐकत होतात. दार उघडून बाहेर आला नाहीत. एवढं एक वाक्य तरी बोलायचंच होतं मला, त्याच्यासाठी किती रात्री झोप नव्हती. ओठांपर्यंत आलेलं ते वाक्य मी गिळलं. कसं गिळलं ते माझं मला माहीत.

"मशीन न्यायला आलेय," मी म्हटलं.

त्या उठल्या, कोपऱ्यातल्या मशीनवरची चादर काढली. मशीन लखलखत होती. तेल दिलेलं, पुसलेली. "तो विकायला निघाला होता," सासूबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पाय हलवायला सांगितलंय, मी रोज पायडल मारणार. तेव्हापासून रोज बसते बाई, रिकामीच चालवते. तू येशील म्हणून." मग चादरीची घडी घालत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या दिवशी मी बाहेर यायला पाहिजे होतं गं."

मी खाली बसले. स्क्रू, पट्टा, डोळे मिटून करायचं ते सगळं काम, काही आठवेना. आम्ही दोघी त्या मशीनच्या दोन बाजूंना बसून रडत होतो.

तिकडे वेळ होऊन गेली म्हणून उस्तादांचा धीर सुटला. शिट्टी वाजवत ते थेट घरात घुसले. "बेटा, पीछे हटो! निकलो!" सासूबाईंनी पुन्हा लाटणं उचललं. "हाच तो!" मी मध्ये पडले. मग ओळखपाळख. सासूबाई म्हणाल्या, "आधी ती शिट्टी काढा, शेजारीण बाहेर येईल." उस्तादांनी काढून खिशात ठेवली. इतक्या मुकाट्यानं त्यांनी माईंचं पण कधी ऐकलं नसेल.

चहा झाला. आमच्या सासरचे जुन्या संस्थानी फौजेतल्या सरदारांचे वंशज, कुणाला कुठल्या कपात चहा द्यायचा याचे त्या घरात पूर्वी फार नियम होते. मी बघत होते. सासूबाईंनी काचेच्या कपाटातले ठेवणीतले कप काढले, उस्तादांना दिला, सलीमभाईंना बाहेरून बोलावून दिला, आणि स्वतः तसल्याच कपातून घेतला. मग म्हणाल्या, "आमचे पणजसासरे घोडदळात होते." उस्ताद खुर्चीत सरसावून बसले, "घोडदळ! मग तुम्हाला रेड काय ते सांगायलाच नको." तरी सांगितलं.

मशीन उचलायला एका बाजूला सासूबाईंनी हात लावला. मी म्हटलं, "आई, ते आल्यावर काय सांगाल?"

"सांगेन, माझे गुडघे बरे झाले."

राऊला पोचलो. फाटकात माई आणि माझी पोरगी उभ्या. रिक्षातून उतरून उस्ताद माईंसमोर उभे राहिले, ताठ. "माई, विचार."

"काय विचारू?"

"जे मी विचारतो ते."

माईंना कळलं. पदर सारखा करून त्यांनी विचारलं, "सगळे परत आले का?"

जन्मभर हा प्रश्न उस्ताद दुसऱ्यांना विचारत आले होते, उत्तर द्यायची पाळी त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. टाचा जुळवून म्हणाले, "सगळे परत आले." आणि घाईघाईनं आत जाऊन तोंड धुतलं.

दुसऱ्या दिवशी ते संध्याकाळी वर आले. "मी विचार केला. रेड फेल आहे. रेडला समोर दुश्मन लागतो, तो नव्हताच. स्ट्राइक तर नाहीच." "मग काय होतं ते?" मी मशीनला धागा ओवत विचारलं. "आमच्या पुस्तकात त्याला शब्द नाही," उस्ताद म्हणाले. त्यांच्या तोंडून असं मी पहिल्यांदाच ऐकलं. जाताना तो पितळी डबा मशीनवर ठेवून गेले. त्यात माझे बॉबिन असतात, अजूनही.

आता उस्ताद आणि माई मुलाकडे पुण्याला असतात. माईंचं ऑपरेशन झालं, मुलानं नेलं. खालचं घर मी सांभाळते, तिथेच माझं दुकान आहे, हाताखाली दोघी मुली शिवतात. नवऱ्याशी काडीमोड झाला, सासूबाईंशी नाही झाला. बुधवारी त्या खजरान्याहून प्रसादाचे लाडू घेऊन थेट राऊला येतात आणि गुडघ्यांसाठी म्हणून माझ्या जुन्या मशीनवर बसतात, आता मात्र खाली कापड असतं.

परवाच्या बुधवारी दुपारी उस्तादांचा फोन आला. आधी टीव्हीवाल्यांना भरपूर शिव्या. मग नेहमीचा प्रश्न, "सगळे परत आले का?"

मी इकडे तिकडे बघितलं. पोरगी कॉलेजातून येऊन जेवत बसली होती. सासूबाईंचा पाय पायडलवर होता. फाटकाजवळची खुर्ची मी रोज पुसते, ती रिकामी होती.

"आले, उस्ताद," मी म्हटलं. "तुम्ही दोघंच राहिलात."

पलीकडे ते माईंना ओरडून विचारताना ऐकू आले, "माई, डॉक्टर प्रवासाला कधीपर्यंत सोडतायत?" आणि मग मला, अगदी हळू, शाळेतल्या पोरासारखं, "बेटा, वाळू आहे का तिकडे? मांडून ठेव. पुणे ते राऊ. डबा मोठा ठेव."